न उतरलेले विंचू

आकाशवाणीनं मला जो प्रश्न दिलाय तो चांगलाच मोठा आहे. धर्मश्रद्धेला ज्ञान म्हणायचं का, आणि म्हणायचं तर विज्ञानाच्या शेजारी बसवायचं का? मी देवरूखला शाळेत विज्ञान शिकवलं, तत्त्वज्ञान नाही. त्यामुळे मी आज विंचवावर बोलणार आहे. हसू नका. विंचवावरून हा प्रश्न जितका नीट कळतो तितका ग्रंथांवरून कळत नाही, असं माझं मत आहे.

लाल विंचू आपल्याला काही नवा नाही. गडग्याचा चिरा उचलावा, पेंढ्याचा भारा सोडावा, मिरगाच्या आधी कौलं परतावीत, की हा हजर. पूर्वी, आणि पूर्वी म्हणजे फार पूर्वी नव्हे, विंचू चावलेला माणूस आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जायचा. तो राख लावायचा, मंत्र पुटपुटायचा, आणि विंचू उतरायचा. खरंच उतरायचा! इथं घाईनं ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होऊ नका. लोक खोटं बोलत नव्हते. वेदना मांडीपर्यंत चढलेली असायची, ती हळूहळू खाली यायची, आणि सकाळी माणूस स्वतःच्या पायानं घरी जायचा.

मग मंत्र हे ज्ञान झालं की नाही?

त्यासाठी महाडजवळच्या बिरवाडीला जाऊ. 1976 साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा, नागपुरात शिकलेला. त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं यायची, त्यांत पोरं पुष्कळ. दरदरून घाम, वांत्या, हातपाय गार, छातीत धडधड, आणि काही तासांनी फेसाळ खोकला. मग माणूस जायचा. या गंभीर रुग्णांत शंभरातले तीसएक दगावत. पुस्तकात यावर धड उपाय नव्हता.

बावस्करांनी काय केलं? ते खाटेशेजारी बसले आणि लिहून ठेवलं. किती वाजता चावला, नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, श्वास कधी लागला. पुन्हा सांगतो, लिहून ठेवलं. माझ्या विद्यार्थ्यांना माझं हे पालुपद पाठ आहे. आज तुम्हीही ऐका. त्या नोंदींतून दिसलं की विंचवाच्या विषानं शरीरातल्या मज्जातंतूंचं एक वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठी वापरात असलेलं प्राझोसिन नावाचं औषध त्यांनी देऊन पाहिलं. त्यावरचा त्यांचा लेख 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीसएक टक्क्यांवरचे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. गोळी स्वस्त, खेड्यातल्या दवाखान्यात देता येणारी. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता मांत्रिकाकडे परत येऊ. त्याचे विंचू उतरायचे ते का? कारण बहुतेक दंशांत नुसती वेदना होते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. मंत्र म्हटला तरी ओसरते, नाही म्हटला तरी ओसरते. जो चालत घरी गेला तो गावभर सांगत सुटला. जो गेला त्याच्याबद्दल आपण म्हटलं, ‘बिचाऱ्याचं आयुष्यच तेवढं होतं.’ त्याचा हिशेब कुणी मांत्रिकाच्या नावावर मांडला नाही. बावस्करांनी मोजले ते न उतरलेले विंचू. सगळा फरक इथं आहे.

याच्याही पुढची गोष्ट मला जास्त आवडते. प्राझोसिननं नाव मिळालं, माणसं वाचू लागली. तिथं थांबता आलं असतं. पण बावस्करांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडला 70 रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची प्रतिलस. निष्कर्ष 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला: जोडीला प्रतिलस दिलेले रुग्ण बरेच लवकर बरे झाले. म्हणजे ज्या औषधानं कीर्ती दिली ते एकटं पुरेसं नाही, हे त्याच माणसानं स्वतः मोजून जगाला सांगितलं. कुठल्या मांत्रिकानं कधी निम्म्या लोकांना मंत्राविना ठेवून पाहिलंय? कुठल्या पोथीनं आपल्या पुढच्या आवृत्तीत लिहिलंय, की मागचा अध्याय तपासला, तो कमी पडतो?

मग श्रद्धा टाकाऊ का? तसं मी म्हणत नाही. संक्रांतीला आपल्या मार्लेश्वरला गिरिजादेवीशी देवाचं लग्न लागतं, हजारो माणसं तो डोंगर चढून जातात. वर गेल्यावर मन शांत झालं असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. ते त्याचं त्याला ठाऊक. पण ‘मार्लेश्वरच्या गुहेतला साप भक्ताला चावत नाही’ असं म्हटलं, की विधान सापाबद्दल झालं. सापाबद्दलच्या विधानाला सापाचीच साक्ष लागते, मग बोलणारा पुजारी असो की प्राध्यापक.

देवराईचा दाखला मला नेहमी देतात. देवाच्या भयानं राया राखल्या, म्हणजे पूर्वजांना पर्यावरण कळत होतं, असं. राया राखल्या हे खरं, आणि त्याबद्दल मी ग्रामदेवतेपुढे हात जोडतो. पण त्या रायांत काय काय आहे हे आपल्याला कळलं ते वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्यासारखी माणसं 1970च्या दशकात राना-रानांतून हिंडली, झाडं ओळखली, याद्या केल्या, तेव्हा. आणि एक कडू गोष्ट. ज्या देवाच्या कौलानं राई राहिली, त्याच देवाचा कौल घेऊन मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राया तुटल्यासुद्धा. कौल दोन्ही बाजूंनी पडतो.

विज्ञानवाल्यांनाही थोडं बोलायचंय. ‘विज्ञान सांगतं’ एवढं म्हणून गप्प बसणारी, प्रयोगवहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांचं विज्ञान म्हणजे दुसरा मंत्रच. आकडे उतरवू नका रे, मोजा!

यावर अजून सांगायचं होतं, पण काचेपलीकडून खूण होतेय. सापाचं तेवढं सांगतो, कारण ते राहून चालणार नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुख्य, आणि कातळावर फुरसं फार. या चौघांवर प्रतिविष एकच आहे आणि ते दवाखान्यात मिळतं, मठात नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखतही नाही, आणि लोक सकाळपर्यंत अंगारा लावत बसतात. तसं करू नका. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, 108ला फोन करा आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. देवाचं नाव घ्यायचं असेल तर गाडीत बसल्यावर घ्या.