न दिसणारी उघडझाप आणि डोळ्यांचा शीण



शासनाचे दैनंदिन कामकाज गेल्या काही वर्षांत कागदावरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे. अंगणवाडी सेविका २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर बालकांच्या वजन-उंचीची नोंद करतात. त्याच वर्षी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरीही बांधावर उभा राहून आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरच करू लागला. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, आशा स्वयंसेविका या सर्वांच्या हाती हेच साधन आहे. त्यामुळे कामाला गती आली, हे निर्विवाद होय. परंतु या साधनाबरोबर एक तक्रारही कार्यालयांच्या दारी येऊन उभी राहिली आहे आणि तिच्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही.

तक्रार साधी आहे. नवा फोन हाती आल्यापासून डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, अर्ध्या तासात वाचवेनासे होते, क्वचित मळमळते. डोळे तपासून घ्यावेत तर चष्म्याचा नंबर बदललेला नसतो. जुना फोन हाती घेतला की त्रास थांबतो. अशी तक्रार करणाऱ्यास बहुधा दोन उत्तरे मिळतात. वरिष्ठ म्हणतात की हे काम टाळण्याचे निमित्त आहे. घरचे म्हणतात की फोन कमी पाहावा. दुसरे उत्तर हिताचे असले तरी ज्याचे कामच फोनवर आहे त्याच्या ते उपयोगी नाही. पहिले उत्तर तर अनेकदा अन्यायाचे ठरते. कारण या त्रासामागे एक भौतिक कारण असू शकते, ते कोणासही तपासून पाहता येते आणि त्यावर अल्प खर्चाचे उपायही आहेत.

पडदा मंद होतो म्हणजे काय होते?

कंदिलाची वात खाली केली की ज्योत लहान होते आणि प्रकाश कमी पडतो. भ्रमणध्वनीचा पडदाही असाच मंद होत असेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु आजच्या पुष्कळ फोनांत, विशेषतः ओएलईडी अथवा अमोलेड जातीच्या पडद्यांत, निराळी युक्ती वापरलेली असते. प्रकाश कमी करावयाचा असेल तेव्हा पडद्याची उजळी फारशी न घटवता तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. उजेडाचा काळ थोडा आणि अंधाराचा काळ अधिक ठेवला की डोळ्याला सरासरीने पडदा मंद भासतो. या पद्धतीस पल्स विड्थ मॉड्युलेशन असे नाव आहे.

अनेक अमोलेड फोनांत ही उघडझाप सेकंदाला सुमारे २४० वेळा होते, काहींत ४८० वेळा. सेकंदाला २४० या हिशेबाने तासाभरात पडदा ८ लाख ६४ हजार वेळा उजळतो आणि तितक्याच वेळा विझतो. प्रकाश एक-चतुर्थांशावर आणला असेल, तर प्रत्येक आवर्तनात अंदाजे एक सहस्रांश सेकंद उजेड आणि तीन सहस्रांश सेकंद अंधार, असा क्रम चालू राहतो.

यातून एक विपरीत गोष्ट निष्पन्न होते. पडदा पूर्ण उजळ असताना उघडझाप सर्वांत कमी असते आणि तो जसजसा मंद करावा तसतशी अंधाराची फट रुंदावत जाते. डोळ्यांना जपावे या सद्हेतूने जो मनुष्य रात्री दिवा मालवून पडदा अगदी मंद करतो, तो अशा फोनापुरता तरी अधिक तीव्र उघडझाप स्वतःवर ओढवून घेत असतो. दिवसा बांधावर निर्वेधपणे चालणारा फोन रात्री अंथरुणावर डोकेदुखी का देतो, याचा एक उलगडा येथे होतो.

दिसत नाही, तरी जाणवते

साधारणपणे सेकंदाला साठाच्या आसपास आवर्तने झाली की मनुष्याच्या डोळ्याला प्रकाश अखंड भासू लागतो. चित्रपटाची सारी किमया या एका गोष्टीवर उभी आहे. सेकंदाला २४ चित्रे दाखविणारे यंत्र प्रत्येक चित्रावर दोनदा किंवा तीनदा झडप उघडून ४८ अथवा ७२ वेळा प्रकाश टाकते आणि प्रेक्षक लुकलुक विसरून कथेत रमतो. त्या आरंभीच्या काळी ही किमया शिकण्याच्या ध्यासाने सतत चित्रपट पाहणारे व झोपेची पर्वा न करणारे दादासाहेब फाळके यांची दृष्टी काही काळ गेली होती व उपचारांनंतर ती परत आली; पुढे १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांच्या आजाराचे खापर केवळ लुकलुकीवर फोडता येणार नाही. परंतु पडद्यापुढील श्रम हे खरे श्रम असतात, याचा हा महाराष्ट्राच्या घरचाच दाखला आहे.

प्रश्न असा की, जी उघडझाप डोळ्याला दिसतच नाही ती त्रास कशी देईल? याचे उत्तर वाचनाच्या क्रियेत आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो सेकंदाला तीन-चार वेळा शब्दावरून शब्दावर उडी घेतो. उडी चालू असताना लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या अनेक प्रतिमा नेत्रपटलावर ओळीने उमटतात. स्थिर नजरेला जे अखंड दिसते, ते फिरत्या नजरेला तुटक दिसते. २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशिष्ट चित्ररचना पाहताना माणसांना सेकंदाला ५०० आवर्तनांपर्यंतच्या उघडझापीचे परिणाम जाणवल्याचे आढळले. हा परिणाम सर्वांना सारखा जाणवत नाही. एकाच खोलीत एकास काहीच होत नाही व दुसऱ्याचे डोके दुखते. म्हणूनच ज्याला त्रास नाही त्याने दुसऱ्याच्या त्रासाचा निवाडा करू नये.

ट्यूबलाइटने दिलेला धडा

असा प्रसंग कार्यालयांवर यापूर्वीही आला होता. विजेच्या ५० आवर्तनांच्या प्रवाहावर साध्या चोकने चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक प्रकाश देते. ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयातील काही दिव्यांना असे साधे चोक तर काहींना अतिशय उच्च आवर्तनांचे इलेक्ट्रॉनिक चोक लावले. कोठे कोणता चोक आहे हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. उच्च आवर्तनांच्या प्रकाशात डोकेदुखी व डोळ्यांचा ताण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. शिवाय, वरच्या मजल्यांवर, जेथे नैसर्गिक उजेड अधिक येत असे, तेथे डोकेदुखी कमी आढळली.

पुढे २०१५ साली आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील सूत्रानुसार सेकंदाला २४० आवर्तने असतील, तर प्रकाशातील चढउताराचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांच्या आत असल्यास धोका अल्प मानावा. ३,००० आवर्तनांच्या वर मात्र बंधनाची गरज उरत नाही. या शिफारशी दिव्यांसाठी आहेत, भ्रमणध्वनीसाठी नव्हेत. तथापि पडदा पूर्णपणे विझून पुन्हा उजळत असेल तर ते प्रमाण १९ टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाते, एवढी तुलना उद्बोधक ठरावी.

प्रत्येक दुखणे उघडझापीचे नव्हे

एक कारण सापडले म्हणून सारे दोष त्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच घटते आणि डोळे कोरडे पडतात. चुरचुरण्याचे हे सर्वांत सामान्य कारण होय. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीस जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो. तो न वापरता बारीक अक्षरे वाचण्याचा अट्टाहास केला की कपाळ दुखणारच. म्हणून प्रथम डोळे तपासून घेणे अगत्याचे आहे. एकाएकी अंधुक अथवा दुहेरी दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, अशी लक्षणे असल्यास फोनाला दोष देत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

बाजारात निळा प्रकाश अडविणारे चष्मेही मोठ्या प्रमाणावर विकले जातात. कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेऊन २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, अशा चष्म्यांनी अल्पकाळात तरी डोळ्यांचा ताण कमी होण्याची शक्यता दिसत नाही. जाहिरातीतील ‘१२० हर्ट्झ’ या शब्दांनीही फसगत होते. तो आकडा पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा बदलते हे सांगतो. उघडझापीचा वेग ही निराळी बाब आहे.

शिक्षकांनी आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. डोळ्याला स्पष्ट दिसणारी, सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा होणारी लखलख ही वेगळ्या जातीची असते. काही मोजक्या मुलांना तिच्यामुळे आकडी येऊ शकते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका व्यंगपटातील अशा दृश्यामुळे सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. वर्गात चित्रफीत दाखविताना तीव्र लखलखाटाची दृश्ये टाळणे इष्ट होय.

पडद्याची परीक्षा

उघडझाप आहे की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत फोनवर कोरे पांढरे पान उघडावे, पडदा मंद करावा आणि त्याच्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी वेगाने हलवावी. पेन्सिलीची सलग धूसर छाया दिसली तर उघडझाप नाही अथवा अतिशय वेगवान आहे. एकाऐवजी अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या, तर ती निश्चित आहे. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरविण्याची सोय असल्यास तो एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून कमी ठेवून पडद्याकडे पाहावे. उघडझाप असल्यास काळे पट्टे दिसतात. पडद्याचा प्रकाश निरनिराळ्या पातळ्यांवर ठेवून ही परीक्षा केली म्हणजे कोणत्या पातळीखाली त्रास सुरू होतो हेही कळते. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेण्याजोगा आहे.

उपाय आणि जबाबदारी

पहिला उपाय असा की, अंधारात काम करू नये. खोलीत दिवा लावावा व पडद्याचा प्रकाश मध्यम किंवा त्याहून थोडा अधिक ठेवावा. तरीही पडदा प्रखर वाटल्यास फोनमधील ‘एक्स्ट्रा डिम’ अथवा ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ यांसारखी सोय वापरावी. तिने मूळ प्रकाश खाली न आणता चित्रच गडद होते. काही फोनांत ‘डीसी डिमिंग’ किंवा उघडझाप कमी करण्याचा पर्याय असतो, तो सुरू करावा. अक्षरे मोठी ठेवावीत, फोन हातभर अंतरावर धरावा, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्या जाणीवपूर्वक मिटाव्यात. एवढे करूनही त्रास न शमल्यास काही दिवस दुसऱ्या प्रकारचा फोन वापरून फरक पडतो का, ते पाहावे.

परंतु सारा भार वापरणाऱ्यावर टाकून भागणार नाही. ज्या कार्यालयाने फोन दिला, त्याची खरेदी करताना साठवणक्षमता, बॅटरी व किंमत पाहिली जाते. पडदा मंद कसा होतो हे क्वचितच विचारले जाते. खरेदीच्या अटींत हा एक प्रश्न घालणे कठीण नाही. आज काही कंपन्या हजारो आवर्तनांवर चालणारे किंवा प्रवाह कमी करून मंद होणारे पडदे देतात. एलसीडी पडद्यांत ही अडचण पुष्कळदा नसते, मात्र कधी असतेही. म्हणून नमुन्याचा एक फोन मागवून पेन्सिलीची परीक्षा करावी आणि मगच शेकडो फोनांची मागणी नोंदवावी. ज्या कर्मचाऱ्यास त्रास होतो त्यास त्याच नोंदी संगणकावर करण्याची मुभा द्यावी. रात्री भरावयाच्या माहितीची मुदत दुसऱ्या दिवसाच्या उजेडात नेता येत असेल, तर ती न्यावी.

अंगणवाडी सेविकेने भरलेल्या वजनाच्या आकड्यावर एखाद्या कुपोषित बालकाचा पुढचा उपचार ठरत असतो. तो आकडा ठणकत्या कपाळाने व पाणावलेल्या डोळ्यांनी भरला जावा, हे कोणाच्याच हिताचे नाही. डोळे दुखतात असे कोणी सांगितले की प्रथम ती तक्रार खरी मानावी, मग डोळे तपासावेत आणि त्याच दिवशी पडदाही तपासावा. पडद्याच्या परीक्षेला लागते ती एक पेन्सिल, एक अंधारी खोली आणि दोन मिनिटांचा वेळ.