जागा कमी पडली म्हणून

मघापासून 'वन्स मोअर' ओरडून घसा बसलेल्या मित्रांनो,

मी सिनेमाचा संकलक. दुसऱ्यानं केलेलं कापणं हा माझा धंदा, त्यामुळे भाषणही कापूनच आणलंय.

मघाशी तुमच्या एकांकिकेतला एक मुलगा म्हणाला, "सर, बजेट असतं तर स्फोट दाखवला असता." त्याच्यासाठी युगांडात जाऊ. कंपालाच्या वाकालिगा वस्तीत आयझॅक नबवाना सिनेमे काढतात. पूर्वी विटा पाडायचे. लहानपणी सिनेमागृह पाहिलं नव्हतं. थोरला भाऊ पाहून यायचा आणि गोष्ट सांगायचा, तोच यांचा सिनेमा. 2005 मध्ये त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली. 2010 च्या 'हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?'चा खर्च दोनशे डॉलरच्या आत, असं सांगतात. बंदुका भंगाराच्या नि लाकडाच्या. गोळी लागली की उडायला आधी जनावराचं रक्त होतं; एक नट आजारी पडल्यावर खाण्याचा लाल रंग आला. तो निरोधात भरायचा, कपड्याखाली लपवायचा आणि तंगूस बांधून खेचायचा. (माफ करा प्राचार्य सर, तंत्र ते तंत्र.) आणि स्फोट? ते संगणकावर, तोही जुने सुटे भाग जोडून बनवलेला.

या जुगाडाला आपण टाळ्या देतो. मला ती टाळी अर्धवट वाटते. खरी ओढाताण शूटिंग संपल्यावर सुरू होते. नटच डीव्हीडी घेऊन दारोदार हिंडायचे, चोरट्या प्रती बाजारात यायच्या आत. विजेचा दाब कधीही उसळायचा. संगणकात जागा नाही, म्हणून पुढचा सिनेमा करायचा तर मागचा पुसायचा. 'कॅप्टन अ‍ॅलेक्स'ची मूळ प्रत अशीच गेली. उरली ती धूसर प्रत, जिच्यावर व्हीजे एमी अखंड बडबडतो. परदेशी सिनेमे लोकांना समजावून सांगणारा असा 'व्हिडिओ जोकर' तिथल्या व्हिडिओगृहांत असतोच. जगानं डोक्यावर घेतली ती हीच प्रत. मलाही ती बडबड आवडते. पण तिच्याखाली झाकलेले आवाज आता खुद्द नबवानांनाही सुटे मिळणार नाहीत.

तुमची एकांकिका आज पाच-सहा मोबाइलवर टिपली गेलीय. परीक्षा आली की 'स्टोरेज फुल' येईल आणि नोट्ससाठी तुम्ही तीच आधी पुसाल. त्याआधी एक प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवा. मघाशी चहाच्या वेळी ग्रंथपाल बाईंशी बोललोय. त्या जागा देतायत.