दहा हजार लुमेनची बॅटरी

(कोजागिरीच्या रात्री आपल्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)



दूध आटायला वेळ आहे, तोवर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. विषय ऐकून काही जण हसले. विषय आहे बॅटरी. म्हणजे पुस्तकात जिला टॉर्च म्हणतात ती. आपल्या अमरावती-अकोल्याकडे ती बॅटरीच, आणि तिच्यात घालायचे ते सेल.

माझा धाकटा भाऊ अकोटजवळ शेती करतो. शेतीपंपाची वीज चक्राकार असते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री बारा-एकला वावरात जावं लागतं. म्हणून मागच्या दिवाळीत मी त्याला एक बॅटरी भेट दिली. साडेचारशे रुपये. डब्यावर छापलं होतं १०,००० लुमेन, आत ९९०० एमएएचचा सेल. मी खूश, तोही खूश.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, तुमची बॅटरी मधातच विझली. बांधावरून अंधारात आलो. विहिरीपाशी घोणस होती. कुकरसारखी फुसफुसली म्हणून समजलं, नाही तं पाय पडलाच होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. तारण पाहिल्याशिवाय कोणाला कर्ज दिलं नाही, शेतकऱ्याची मोटरसुद्धा प्रत्यक्ष वावरात जाऊन पाहिली. आणि सख्ख्या भावाच्या हातात वस्तू देताना मी डब्यावरचा आकडा खरा मानला!

दुसऱ्या दिवशी तशीच एक बॅटरी आणली आणि तपासणीला लागलो. नातवानं मोबाइलमध्ये उजेड मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं आणि एक छोटा यूएसबी मीटर आणून दिला. मोबाइलचं मोजमाप काटेकोर नसतं, पण दोन वस्तूंची तुलना करायला पुरतं.

आधी सेल पाहिला. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएच मावतात. ९९०० म्हणजे पायलीच्या मापात तीन पायली. मीटरवर आकडा आला १२००. त्याला ३.७ व्होल्टनं गुणा, झाले साडेचार वॉट-तास. एलईडीला एका वॉटमागे ढोबळमानानं शंभर-सव्वाशे लुमेन मिळतात. म्हणजे १०,००० लुमेनला ऐंशी-शंभर वॉट हवेत. खात्यात शिल्लक साडेचार आणि चेक शंभराचा! खरंच तेवढा उजेड पडला असता, तर तीन मिनिटांत खातं रिकामं.

मग न्हाणीघरात अंधार करून छताकडे तोंड करून ती लावली, आणि नंतर त्याच जागी आपला नेहमीचा ९ वॉटचा बल्ब. बल्बच्या खोक्यावर ९०० लुमेन लिहिलेले. बॅटरीचा उजेड त्याच्या निम्म्याहून कमी भरला. तेवढा वेळ आमच्या सौ. बाहेर बादली घेऊन उभ्या होत्या, त्यांचं मत इथे सांगत नाही.

लुमेन म्हणजे एकूण उजेड. लक्स म्हणजे एका जागी किती पडतो तो. झोत किती लांब जातो याचा हिशेब सोपा आहे. पाच मीटरवरच्या भिंतीवर मधोमध जो लक्सचा आकडा येईल त्याला २५ नं गुणा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. आलं अंतर मीटरमध्ये. त्या अंतरावर पाव लक्स उजेड उरतो, म्हणजे अंदाजे आज वर दिसतंय तेवढं पौर्णिमेचं चांदणं. सुरुवातीला या बॅटरीचे आले २५६ लक्स, म्हणजे १६० मीटर. वाईट नाही! पण अर्ध्या तासानं ३६ लक्स, म्हणजे ६० मीटर. चाळीस मिनिटांनी डोळे मिटले. दुकानात आपण पाहतो तो पहिल्या मिनिटाचा उजेड, आणि ओलिताला लागतात तीन तास.

मग दीड हजाराची दुसरी आणली. डब्यावर फक्त १००० लुमेन. सुरुवातीला ४०० लक्स, म्हणजे २०० मीटर. तासाभरानं २२५ लक्स, म्हणजे १५० मीटर. तापली की ती आपणहून थोडी मंद होते, तो दोष नाही, ती सोय आहे. मी मोठ्या ऐटीत अकोटला घेऊन गेलो आणि भावाला पलीकडच्या वावरातलं निंबाचं झाड दाखवलं.

तो म्हणाला, "दादा, झाडाचं काय करू? पायाखालचं दाखवा."

एवढे आकडे मांडून मी चुकीची परीक्षा घेतली होती. त्याला लांब झोत नको, पसरट उजेड हवा, मधल्या पायरीवर, रात्रभर टिकणारा. रानडुक्कर आलं तरच लांबचा. पुढेमागे सरकवायच्या झूमच्या बॅटऱ्या झोत आवळतात तेव्हा मधे एक चौकोनी ठिपका आणि आजूबाजूला मिट्ट काळोख. साप तिथेच असतो. शेवटी दीड हजारवालीच्याच काचेवर दूधपिशवीचा पांढुरका कागद रबरानं बसवला. झोत गेला आणि उजेड बांधभर पसरला. सोबत गमबूट आणि खिशात जादा सेल. यंदाचा हरभरा त्यावरच भिजेल.

आपल्या बिल्डिंगलाही हेच लागू आहे. लाइट गेली की जिन्यात झोत नको, पायऱ्या दिसायला हव्यात. वॉचमनला दिलेली बॅटरी परवा मोजली. आकडा सेक्रेटरींना खाजगीत सांगितला आहे! आणि एक विनंती, असे सेल रात्रभर गादीवर चार्जिंगला ठेवू नका. फुगलेला सेल वापरू नका, घंटागाडीत तर मुळीच टाकू नका.

आता दूध झालेलं दिसतंय. ते पिऊन झालं की गच्चीचे दिवे पाच मिनिटं बंद करू, दोन्ही बॅटऱ्या मी आणल्या आहेत. ज्यांना आपली मोजून हवी त्यांनी रविवारी सकाळी पूर्ण चार्ज करून माझ्याकडे आणावी. वेळ लागेल, कारण प्रत्येक बॅटरी मी तासभर चालू ठेवणार आहे.