घमेलं आपल्या डोक्यावर, टेप कुणाच्या हातात?
(परळ येथील अभ्यासभेटीत प्रभागसंघाच्या सदस्यांपुढे केलेले भाषण)



गावात शाळेची खोली बांधायची ठरली की श्रमदानाला पहिल्यांदा कोण येतं? आपणच. वाळू, विटा, पाणी, सगळं आपल्या डोक्यावरून जातं. पण खिडकी कुठे, दार किती रुंद, हे ठरतं तेव्हा आपण चहा करत असतो. आता आर्किटेक्चर शिकणारी मुलं-मुली गावकऱ्यांबरोबर बांधकाम करायला गावात येतात. ती आपल्याकडे आली, तर आपण नुसतं घमेलं धरायचं, की मापाची टेपही?

आपण परळला बसलोय. इथून लोकलने तिसरं स्टेशन भायखळा. तिथल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचं काम ऐका. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने सूचना देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला परवानगी दिली. डोक्यावरचं छप्पर जाणार, ही टांगती तलवार. १९८४ मध्ये सुरू झालेली ‘स्पार्क’ संस्था या बायकांसोबत होती. बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं, रोजची थोडी थोडी बचत सुरू केली आणि घराचा आराखडाही स्वतःच करायला घेतला. मापाला साडी घेतली, हात घेतला. खऱ्या आकाराचं नमुन्याचं घर उभं करून लोकांना दाखवलं. जागा लहान, म्हणून छत १४ फूट उंच हवं, म्हणजे वर पोटमाळा निघेल, हे त्यांनी सांगितलं. आर्किटेक्टची मदत होतीच, पण एवढ्याशा जागेत संसार कसा मांडायचा, हे बायकांनाच ठाऊक होतं!

आता शाळेचं बघा. बांगलादेशातल्या रुद्रपूर गावच्या शाळेचा आराखडा ॲना हेरिंगर हिने आर्किटेक्चरची विद्यार्थिनी असताना केला. २००५ मध्ये गावच्या लोकांबरोबर माती आणि बांबूची दुमजली शाळा उभी राहिली. माती-पेंढा जनावरांच्या पायांनी तुडवून घेतला. मातीकाम गावाला येतच होतं. विटांचा पाया आणि ओल अडवणारा थर, ही नवी भर पडली. २००७ मध्ये या शाळेला आगा खान पुरस्कार मिळाला.

म्हणजे लोखंड किती, बीम केवढा, हे इंजिनिअरलाच ठरवू द्या. त्यात आपण हट्ट करायचा नाही. पण पाऊस कुठून झोडपतो, दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर येतं, हे त्यांना कोण सांगणार?

आपल्याला कायद्यानेही जागा दिली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हव्यात. त्या समितीत तुमच्यातल्या कितीजणी नुसत्या सहीपुरत्या आहेत, मनाशीच मोजा.

एक सोपं काम सांगते. पाया खणण्याआधी मैदानात फक्कीने खोली आखा. मुलांना आत बसवा. मागच्या मुलाला फळा दिसतो का? बसलेल्या मुलीला खिडकीतून वारा लागेल का? चालता न येणारं लेकरू दारातून आत कसं येईल? मुलींचं स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठून? जे खटकेल ते तिथेच पुसा आणि पुन्हा आखा. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत, बांधलेली भिंत पाडायला लागतात.

मग ते मुद्दे गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा, ग्रामसंघात ठराव घ्या आणि समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. चहा त्या दिवशी दुसरं कुणीतरी करेल.