स्टेशनापासून घरापर्यंत
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गौरवाचे शब्द बोलावेत, अशी रीत आहे. ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम केले. मी पडले शाळामास्तरीण. मला एका विद्यार्थिनीविषयी बोलावयाचे आहे. ट्रस्टने तिला शिष्यवृत्ती दिली, कलबुर्गीच्या कॉलेजात नाव दाखल झाले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिने शिक्षण सोडले. फी भरलेली होती, गाडीचा पास होता. नडली ती स्टेशनापासून घरापर्यंतची वाट. संध्याकाळी ती गाडीतून उतरावी, तो शेवटची बस गेलेली. पुढे सारा अंधार. अब्बा काही दिवस सायकल घेऊन उभे राहिले, मग त्यांनी हात टेकले. त्या स्टेशनाचे नाव मी घेत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना ते आपलेच वाटेल.

बिदर–कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा लोहमार्ग 29 ऑक्टोबर 2017 रोजी पुरता खुला झाला. त्यापूर्वी रेल्वेने जावयाचे तर विकाराबाद आणि वाडीचा वळसा पडे. केवढी सोय झाली! पण रुळांना चढ आणि वळण बेताचेच सोसते, म्हणून स्टेशन बहुधा गावाबाहेर पडते. त्याबद्दल इंजिनिअरला बोल लावण्यात अर्थ नाही. अडचण निराळीच आहे. मार्गाचा बराचसा भाग सिकंदराबाद विभागाकडे, कलबुर्गी स्टेशन सोलापूर विभागाकडे, बस कल्याण कर्नाटक रस्ता परिवहन महामंडळाची, आणि रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा. प्रत्येकाचे वेळापत्रक आपापल्या जागी बरोबर! ती एकमेकांशी जुळवावयाची कोणी? बंदेनवाजांच्या उरुसाला आणि माणिकनगरच्या दत्तजयंतीला लोक मिळून सारी व्यवस्था करतातच ना?

इंग्लंडात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लहान लोहमार्गांसाठी गावकरी, शाळा आणि रेल्वे कंपन्या यांच्या मंडळ्या निघाल्या आहेत. बस गाडीच्या वेळेला जोडून घेणे, हेही त्या करतात. आपल्याकडे रेल्वेच्या प्रत्येक विभागात उपभोक्ता सल्लागार समिती असते. पण तिच्यापुढे नुसते गाऱ्हाणे नेऊन भागत नाही, आखलेली योजना न्यावी लागते.

म्हणून मी नववीच्या मुलांना स्टेशनापासून गावापर्यंतचा नकाशा काढावयास सांगितले. दिवा कोठे नाही, पाणी कोठे साचते, म्हातारी माणसे कोठे टेकतात, सारे टिपावयास सांगितले. मुलांनी शेतातली सरळ पाऊलवाट काढली. मुलींनी दुकानांवरून जाणारी लांबची सडक काढली. दोन्ही नकाशे खरेच होते. मुलांचाच नकाशा पुढे गेला असता, तर दिवे शेतात लागले असते!

ट्रस्टने शिष्यवृत्तीच्या रकमेतून थोडे पैसे या कामासाठी काढावेत, पाच माणसांची समिती नेमावी, तीत दोन तरी बाया असाव्यात, आणि तिने हा नकाशा सिकंदराबाद, सोलापूर आणि बस डेपो अशा तिन्ही ठिकाणी न्यावा, अशी माझी विनंती आहे. नकाशा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, पेन्सिलही आहे. जेवणाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपले घर आणि आपली वाट त्यावर दाखवावी. बायकांनी आधी.