बॉम्बे स्ट्रीटच्या गावातली भाषा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बेलफास्ट शहराच्या पश्चिम भागात बॉम्बे स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे. तिला लागून काश्मीर रोड आहे. कानपूर आणि लखनौ ही नावंही त्याच वस्तीतल्या गल्ल्यांना दिलेली होती. साहेबाच्या साम्राज्याची ही खूण. नोकरीच्या निमित्तानं आम्ही उत्तर आयर्लंडमध्ये राहायला गेलो, तेव्हा नकाशावर 'बॉम्बे' वाचून मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. पुढे कळलं, की ऑगस्ट १९६९ मधल्या दंगलीत ही अख्खी गल्ली जाळली गेली. ती पुन्हा उभारायला जे हात पुढे आले, त्यात आयरिश भाषेसाठी झटणारे काही तरुणही होते. विटा, सिमेंट, लाकूड हे सगळं त्यांच्या सवयीचं होतं, कारण त्याच सुमारास शहराच्या कडेला, शॉज रोडवर, ते आपल्या हातांनी स्वतःची घरं बांधत होते.

ही घरं कशासाठी, ते ऐकण्यासारखं आहे. आपल्या मुलांना आयरिशमध्ये वाढवायचं असं काही तरुण जोडप्यांनी ठरवलं होतं. त्यांतल्या बहुतेकांची ती मातृभाषा नव्हती. मोठेपणी, संध्याकाळच्या वर्गांत बसून ते ती शिकले होते. पण घरात आयरिश आणि दाराबाहेर इंग्रजी, असं झालं तर मूल चार दिवसांत दाराबाहेरचीच भाषा उचलणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी शेजारच तयार करायचं ठरवलं. पैसे गोळा केले, जमीन घेतली आणि एकमेकांना लागून घरं बांधली. १९७१ मध्ये त्यांनी शाळा काढली. विद्यार्थी किती, तर नऊ! सरकारची मान्यता मिळायला १९८४ साल उजाडलं. तोवर शिक्षकांचे पगार पालक आणि हितचिंतकांच्या वर्गणीतून होत. या मंडळींचं एक घोषवाक्य होतं, 'ना हबर ए, जेन ए'. म्हणजे 'बोलू नका, करा'. भाषेच्या चळवळीनं 'बोलू नका' म्हणावं, याची मला अजून गंमत वाटते. आज उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमातून शिकणाऱ्या मुलांची संख्या सात हजारांच्या वर आहे.

श्रोतेहो, आयरिश म्हणजे आयर्लंडच्या ढंगाची इंग्रजी, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. तसं नाही. ही स्वतंत्र केल्टिक भाषा आहे आणि इंग्रजीहून ती बरीच वेगळी आहे. एके काळी साऱ्या बेटावर ती बोलली जाई. मग इंग्रजांची सत्ता आली, जमिनी गेल्या, कोर्टकचेरीची भाषा बदलली. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या. मुलाच्या गळ्यात दोरीनं एक काठी अडकवायची, ते आयरिशमध्ये बोललं की त्या काठीवर एक खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या मारायच्या, अशी पद्धत अनेक गावांत होती. यात आईबापांचीही संमती असे, हे मला सगळ्यात जास्त लागतं. इंग्रजी आली तर पोर बोटीत बसून अमेरिकेला जाईल आणि जगेल, असा त्यांचा हिशेब होता. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. मेलेले आणि गेलेले, यांत आयरिश बोलणारे गरीब शेतकरी फार मोठ्या संख्येनं होते.

पुढे १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि त्यांच्या सोबत्यांनी 'गेलिक लीग' काढली. गावोगावी वर्ग, नाच, गाण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. हे हाइड प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९३८ मध्ये तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. एप्रिल १९१६ मध्ये, म्हणजे इकडे बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली त्याच महिन्यात, डब्लिनमध्ये बंड झालं. बंडवाल्यांचा जो जाहीरनामा निघाला, त्याची सर्वांत वरची ओळ आयरिशमध्ये आहे आणि खालचा सगळा मजकूर इंग्रजीत. त्या कागदाकडे पाहिलं की वाटतं, पुढच्या शंभर वर्षांचं चित्रच त्यावर छापलंय. स्वतंत्र आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिल्या अधिकृत भाषेचा मान दिला. शाळेत ती सक्तीची झाली. आणि २०२२ च्या जनगणनेत काय दिसलं? आपल्याला आयरिश येते असं जवळजवळ एकोणीस लाख लोकांनी सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांच्या आसपास. बारा-तेरा वर्षं भाषा शिकायची आणि दुकानात दूध मागायला ती वापरायची नाही, असा हा प्रकार. सक्तीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ती नसती, तर हे एकोणीस लाखही झाले नसते. पण परीक्षेचा पेपर आणि चहाचा कप यांत अंतर राहतंच.

मी शिकायला लागले ते बेलफास्टच्या पूर्व भागात, आमच्या घराजवळच्या एका सभागृहात. दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास वर्ग, मध्ये चहा आणि बिस्किटं. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारायला शिकवलं, 'कज्जे मर अता तू?' म्हणजे 'तू कसा आहेस?' वाक्याच्या शेवटी आपलं मराठमोळं 'तू' ऐकून मी ताठ बसले. हा योगायोग नाही. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. गाईला तिथे 'बो' म्हणतात, राजाला 'री', आणि 'वीर' शब्दाचं भावंड तिथे नुसता 'पुरुष' या अर्थानं नांदतंय. मराठी बोलींची पाहणी ज्या ग्रंथमालेत झाली, त्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे कर्ते जॉर्ज ग्रिअर्सन हेही डब्लिनकडचेच, हे जाता जाता सांगते.

अडचण मात्र त्या 'तू'चीच झाली. आयरिशमध्ये एकाला 'तू'च म्हणायचं, मग समोर पाद्री असो वा पंतप्रधान. आमच्या बाई सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक. त्यांना 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळायची. व्याकरणाचं मात्र उलट झालं. वर्गातले इंग्रजी बोलणारे लोक जिथे डोकं धरून बसत, तिथे मला घरी आल्यासारखं वाटे. 'माझ्याजवळ असणं' यासाठी आयरिशमध्ये क्रियापदच नाही. 'पुस्तक आहे माझ्यापाशी' असंच म्हणावं लागतं. तहान तिथे 'माझ्यावर' असते, दुःखही 'माझ्यावर' असतं. तहान माणूस करत नाही, ती त्याला लागते, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. 'हो' आणि 'नाही' यांनाही स्वतंत्र शब्द नाहीत. 'आलास का?' असं विचारलं तर 'आलो' किंवा 'नाही आलो' असं क्रियापदानंच उत्तर द्यायचं. जुनी मोजणी विसाविसांची. माझी आजी 'तीन विसा साठ' म्हणायची. मी ते वर्गात सांगितलं, तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहूनच घेतलं. बाकी उच्चार आणि शब्दाचं पहिलं अक्षर बदलण्याची खोड, यांनी मला इतरांइतकंच रडवलं.

पण मला आज सांगायचंय ते माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंबद्दल. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर एका कापड दुकानात काम केलेलं, घराणं कट्टर प्रोटेस्टंट, ब्रिटनशी निष्ठा सांगणारं. त्यांच्या गल्लीत आयरिश म्हणजे 'त्या लोकांची', बंदूकवाल्यांची भाषा. ही समजूत हवेतून आलेली नव्हती. दंगलीच्या तीस वर्षांत त्यांच्या नात्यातली माणसं गेली होती. बाई वर्गाला येत त्या भावाला 'विणकामाला जाते' असं सांगून. वही पिशवीत, वर लोकरीचे गुंडे. कशासाठी शिकता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मी शँकिलला जन्मले. साठ वर्षं तो शब्द तोंडात आहे आणि त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही."

शँकिल म्हणजे बेलफास्टमधला प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला. आणि हा शब्द आयरिश आहे: 'शान खिल', जुनं देऊळ. खुद्द बेलफास्टही आयरिशच, 'बेल फेरश्चे', वाळूच्या दांड्याचं मुख. एकोणिसाव्या शतकात इथे आयरिश हस्तलिखितं जमवणारे रॉबर्ट मॅकअॅडम हे प्रेस्बिटेरियन कारखानदार होते. फॉल्स रोडवर १९९१ पासून चालणाऱ्या आयरिश सांस्कृतिक केंद्राच्या नावात आज मॅकअॅडम आणि एक कॅथलिक कार्डिनल शेजारी शेजारी आहेत, आणि ते केंद्र भरतं ते जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या इमारतीत. १९११ च्या जनगणनेच्या कागदांत पूर्व बेलफास्टमधली कितीतरी प्रोटेस्टंट घरं सापडतात, ज्यांनी भाषेच्या रकान्यात 'आयरिश आणि इंग्रजी' लिहिलंय. लिंडा अर्विन या प्रोटेस्टंट बाईंनी हे सगळं लोकांपुढे मांडलं आणि 'टुरस', म्हणजे 'प्रवास', नावाचा उपक्रम पूर्व बेलफास्टमध्येच उभा केला. तिथे आता शेकडो लोक शिकतात. हे सहज घडलेलं नाही. २०२१ मध्ये त्या भागात आयरिश बालवाडी निघायची होती, तर अपप्रचार असा झाला की ठरलेली जागा सोडून ती दुसरीकडे सुरू करावी लागली. पण सुरू झाली, आणि २०२४ मध्ये तिच्या पुढची प्राथमिक शाळाही निघाली.

२०२२ मध्ये आयरिशला कायद्यानं अधिकृत दर्जा मिळाला. त्याच वर्षी बेलफास्टच्या महापालिकेनं ठरवलं, की रस्त्यावरच्या पंधरा टक्के रहिवाशांनी मागितलं तर तिथे दोन्ही भाषांतली पाटी लावायची. त्यावरून रणं माजतात. काही पाट्या रातोरात खरवडल्या जातात. मला विचाराल, तर पाटी लागलीच पाहिजे; पण रागानं लावलेली पाटी शेजाऱ्याला काही शिकवत नाही. आमच्या वर्गानं पाटीवर कधी चर्चाच केली नाही. बाई म्हणायच्या, आधी अनियमित क्रियापदं पाठ करा. ती अकराच तर आहेत!

मार्चमध्ये 'आयरिश सप्ताह' असतो. नावाला सप्ताह, चालतो एक तारखेपासून सतरा तारखेच्या सेंट पॅट्रिक दिवसापर्यंत. आम्ही सभागृहात 'केली' केली, म्हणजे सामूहिक नाच. (या शब्दावरून घरी बराच हशा झाला.) समोरासमोर दोन रांगा, हातात हात, व्हायोलिन, बासरी, आणि बकऱ्याच्या कातड्याचा 'बाउरान' नावाचा डफ. एक जण ओरडून पावलं सांगतो, चुकलेल्याला पुढची जोडी ओढून घेते. दिंडीत जसं कुणाचं पाऊल चुकलं ते कुणी मोजत नाही, तसंच. मी साडी खोचून नाचले. माझ्या शेजारीण बाई आधी खुर्ची सोडेनात. मग उठल्या त्या शेवटपर्यंत बसल्याच नाहीत. त्या रात्री कुणीतरी फोटो काढले आणि त्यातला एक फिरत फिरत त्यांच्या भावापर्यंत पोचला. पुढचे तीन मंगळवार बाई आल्या नाहीत. चौथ्या मंगळवारी आल्या, तेव्हा वही हातात होती, पिशवी नव्हती. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात त्या डोनेगलला जाताहेत. समुद्राकाठच्या त्या टापूत आयरिश अजून घरात बोलली जाते. शिकणाऱ्यानं तिथे एखाद्या कुटुंबात राहायचं आणि मुक्कामभर इंग्रजीचा शब्द काढायचा नाही, असा रिवाज आहे. जाताना घरमालकिणीला काय न्यावं, असं त्यांनी मला विचारलं. मी माझ्याकडची वेलदोडे घातलेली शंकरपाळी डब्यात भरून दिली. गाडीनं सोडायला त्यांचा भाऊ येणार आहे. दारापर्यंतच येईन, आत येणार नाही, असं त्यानं बजावून ठेवलंय.