तळहातावरचे नरसिंह

एका राजाचा देह कमरेखालीं माशाचा, तर दुसऱ्याच्या खांद्यांवर डुकराचें मुख! असे अद्भुत प्राणी वाटोळ्या पानांवर रंगविले जातात ते सावंतवाडीस, दशावतारी गंजिफेसाठीं. दहा अवतार, प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० पानें. चिंचोक्याच्या खळीनें कागद ताठ करून त्यावर रंग व लाखेची झिलई देतात. पुराणांत थरकांप उडविणारा नरसिंह हातांतलें पान झाला, कीं त्याचे वटारलेले डोळे पाहून मुलेंहि हसावीं! छापील पत्त्यांपुढें ही कला मावळूं लागली. १९७० च्या दशकांत शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनीं राजवाड्यांत चिताऱ्यांस आश्रय देऊन ती सांवरली. आज मात्र हीं पानें बहुधा दिवाणखान्याच्या शोभेसाठींच घेतलीं जातात. चित्र वांचलें, डाव मोडला. घरोघरीं तो पुन्हां मांडला गेला, तरच नरसिंह भिंतीवरून उतरून हातांत येईल.